परसातली चूल, नव्या घरासाठी
(प्रस्तावना)

पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांतल्या घरांत स्वयंपाकघर केव्हाच आत गेले. ओट्यावर ग्रॅनाइट आले, भिंतींना टाइल्स लागल्या, गॅस आला. तरीही इथला बराच स्वयंपाक आजही घराबाहेर होतो. भरताची वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजल्याशिवाय कोणाचे समाधान होत नाही. रोडग्यांना गोवऱ्यांचा निखारा लागतो. उन्हाळ्यात कुरोड्यांचा चीक शिजवायला, पोळ्याला पुरणाचा मोठा गंज चढवायला, दिवाळीत शेव-चकलीची कढई ठेवायला, लग्नाच्या आदल्या रात्री पाहुण्यांचा भात टाकायला माणसे परसातच जमतात. पूर्वी या कामाला परसात ठरलेली जागा होती, ती आता उरलेली नाही. तीन विटा मांडायच्या, वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा तुकडा उभा करायचा, पाणी बादलीने वाहायचे, पाटा-वरवंटा आतून ओढत आणायचा आणि काम संपले की विटा पुन्हा कुंपणाला लावून ठेवायच्या. या तीन विटांच्या जागी विचारपूर्वक बांधलेले, सावलीचे, पाण्याचे आणि सुरक्षित आगीचे स्वयंपाकघर यावे, यासाठी हे पुस्तक आहे.

घराबाहेरचे स्वयंपाकघर म्हटले की हल्ली डोळ्यांपुढे येतात ती परदेशी मासिकांतली छायाचित्रे: हिरवळ, स्टीलची भली मोठी ग्रिल, शेजारी फ्रीज, वर उघडे आकाश. ती रचना थंड देशातल्या उन्हाळ्यासाठी आहे. तिथे वर्षातले काही महिने ऊन अंगावर घ्यावेसे वाटते आणि मांस थेट जाळीवर भाजले जाते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, पावसाळा चार महिने मुक्काम करतो, आणि पदार्थ म्हणाल तर निखाऱ्यात पुरायचे, जाळावर उलटसुलट करायचे, मडक्यावर ताणून टाकायचे, कढईत तासन्‌तास घोटायचे. ती छायाचित्रे पाहून बांधलेला ओटा इथे एका उन्हाळ्यात अडगळीचा होतो. म्हणून या पुस्तकाचा आधार एकच आहे: घराबाहेरच्या स्वयंपाकघराची जागा आणि बांधणी इथली माती, ऊन, वारा आणि पाणी ठरवतात, आणि त्याची मापे आगीपुढे उभे राहणारे माणूस ठरवते. बाकीच्या सगळ्या निवडी यानंतरच्या.

हा मुलूख भोसल्यांच्या नागपूर राज्यातला. १८६१ साली मध्य प्रांत झाला तेव्हा तो त्यात आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर-वर्ध्याचा भाग मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली पांढुर्ण्याचा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. नकाशावरची रेघ बदलली तरी ताट बदलले नाही. कपाशी आणि तूर पिकवणाऱ्या घरातले वरण-रोडगे, वांग्याचे भरीत, पाटोडीचा रस्सा, हिवाळ्यातला हुरडा हे सगळे नागपूर-वऱ्हाडाशी जुळलेले, तर गाकर-भरता आणि भाजलेली मक्याची कणसे छिंदवाड्याच्या बाजूने आलेली. दोन्हीकडचे हे पदार्थ उघड्या आगीवर होतात. त्यामुळे या जिल्ह्यातल्या घराला बाहेरच्या चुलीची गरज शेजारच्या दोन्ही मुलखांपेक्षा थोडी जास्तच आहे, असे मी म्हणेन.

रोडग्याचे नाते तर केवळ जिभेशी नाही. सोळाव्या शतकातल्या एकनाथांच्या भारुडात सासुरवाशीण देवीला नवस बोलते तो रोडग्याचाच. विदर्भात मारुतीपुढे, महादेवापुढे आजही रोडग्यांचा नैवेद्य होतो. झाडाखाली गोवऱ्या रचल्या जातात, कणकेचे गोळे राखेत पुरले जातात, एकीकडे वरण, एकीकडे वांग्याची भाजी, आणि नैवेद्यानंतर सगळ्यांची पंगत. या पंगतीचा स्वयंपाक पुष्कळदा पुरुष करतात. लांब रोट्यांचे कसब मात्र बायकांच्या हातात राहिले आहे: सैलसर भिजवलेली कणीक दोन्ही हातांवर ताणत न्यायची आणि उपड्या मातीच्या मडक्यावर अलगद सोडायची. आतल्या ओट्यावर, डोक्यावर कपाटे आणि बाजूला भिंत असताना, हात असे फिरवता येत नाहीत. घराबाहेरच्या स्वयंपाकघराची आखणी करताना पदार्थांची यादी आधी का करायची, याचे उत्तर या रोटीत आहे. रोडग्यांना जमिनीलगत मोकळी, सपाट जागा लागते. रोटीला बसायची चूल आणि चहूबाजूंनी हात फिरायला मोकळीक लागते. कुरोड्यांना मोठ्या गंजाची ठेंगणी भट्टी आणि लगेच वाळवणाची जागा लागते. वांग्याच्या भरताला भडकता जाळ आणि साल काढायला पाण्याची तोटी लागते. एकाच ओट्यावर हे सगळे बसवण्याचा आग्रह धरला की एकही काम नीट होत नाही.

जुन्या घरांत आग मागच्या बाजूला असे, त्यालाही कारण होते. उष्णता, धूर आणि आगीची भीती या तीन गोष्टींमुळे जगभर माणसांनी चूल घरापासून दूर नेली. इंग्रजांच्या काळातल्या बंगल्यांत बावर्चीखाना मूळ घरापासून सुटा बांधत. उत्तर अमेरिकेतल्या शेतकरी कुटुंबांनी उन्हाळ्यापुरते वेगळे स्वयंपाकघर अंगणात बांधले, कारण आत चूल पेटवली की रात्री झोपता येत नसे. आपल्याकडे ओसरी, माजघर, मागे परस आणि परसात विहीर अशी रचना होती; पाणी, आग आणि सांडपाणी हे तिन्ही घराच्या पाठीमागे एकत्र असत. स्लॅबची घरे आली, प्लॉट लहान झाले, विहिरीची जागा नळाने घेतली आणि परस मोटारसायकल लावण्यापुरते उरले.

या जुन्या रचनेची आठवण काढताना एक गोष्ट विसरता कामा नये. त्या चुलीपुढे बसणाऱ्या बाईने आयुष्यभर धूर गिळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात ३२ लाख माणसे अकाली मेली. चुलीची चव सांगताना ही किंमत सांगितली नाही तर ते अर्धसत्य होते. ती किंमत आपल्याच मुलखात पूर्वी ओळखली गेली. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. तेलघाणी आणि हातकागदाबरोबर बिनधुराच्या चुलीवरही तिथे काम झाले आणि ती मगन चूल म्हणून ओळखली गेली. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सिलिंडर खेड्यापाड्यांतल्या घरांत पोचला. आपल्या शेजारच्या बैतूल जिल्ह्यातल्या बांचा या आदिवासी गावात २०१७-१८च्या सुमारास मुंबईच्या आयआयटीच्या मदतीने सुमारे ७५ घरांत सौरविजेवर चालणाऱ्या इंडक्शन शेगड्या बसल्या. ही सगळी वाटचाल योग्य दिशेची आहे. रोजचा स्वयंपाक गॅसवर किंवा विजेवरच व्हावा, चूल ही सक्ती राहू नये. परसातली चूल हवी ती सणाला, हंगामाला, पंगतीला, आणि ज्यांना हवी आहे त्यांनी स्वतः निवडलेली. मात्र निवड केली की ती चूल धुराड्याची, जाळीची आणि सावलीतली असलीच पाहिजे. तीन विटांवर धूर खात बसणे ही परंपरा म्हणून जपण्यासारखी गोष्ट नाही.

आता मातीकडे येतो, कारण या भागात खर्च वाया जातो तो मुख्यतः जमिनीत. कपाशी जिच्यावर पोसली जाते ती काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर दोन मजली घराचे वजन असेल तर ते या फुगण्याला काही प्रमाणात दाबून धरते. ओटा, चूल, चार खांब आणि कवेलूंचे छप्पर एवढे हलके बांधकाम मात्र जमीन सहज उचलते. म्हणून ‘एवढ्याशा ओट्याला पाया कशाला’ हे वाक्य काळ्या मातीत सगळ्यांत महाग पडते. मुरूम लागेपर्यंत खोदावे. काळी माती खोल असेल तर निदान पायाच्या जागेची माती काढून तिथे मुरूम थराथराने, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून भरावा. माती फारच खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अशा जमिनीसाठी विकसित केलेले फुगीर बुडाचे खांब हा पर्याय असतो, पण तो इंजिनिअरच्या देखरेखीखालीच करावा. नवे बांधकाम घराच्या भिंतीला जोडू नये; मध्ये बोटभर फट ठेवून ती लवचिक मसाल्याने भरावी. दोन्ही पाये वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे हलतात आणि एकजीव बांधले तर भेग घराच्या भिंतीवर जाते. चहूबाजूंनी दोन-तीन फुटांची उताराची फरशी घातली की पावसाचे पाणी पायाशी मुरत नाही. पाया कोरडा राहिला तर मातीचा खेळ अर्धा संपतो.

जोत्यासाठी दगड बाहेरून आणायची गरज नाही. इथला काळा दगड जोत्याला उत्तम. आगीच्या तोंडाशी मात्र तो वापरू नये. तापून आणि अचानक पाणी पडून दगड तडकतो. चुलीच्या आतल्या बाजूला भट्टीची आगवीट लावावी आणि ती मातीच्या गाऱ्यात बसवावी. सिमेंटचा माल ४००-५०० अंशांच्या उष्णतेत आपली पकड सोडू लागतो, म्हणून सिमेंटने बांधलेली चूल वर्षभरात खिळखिळी होते आणि मातीने लिंपलेली, दर सणाला सारवलेली चूल वर्षानुवर्षे टिकते. ओट्याच्या वरच्या फरशीसाठी कडप्पा आणि कोटा स्वस्त पडतात, पण दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. लिंबू, चिंच आणि आपल्याकडे घरोघरी असलेला संत्र्याचा रस सांडला की त्यांवर डाग कायमचा बसतो. ग्रॅनाइट या बाबतीत बरा, पण उघड्यावरचा काळा ग्रॅनाइट एप्रिलमध्ये हात ठेवू देत नाही. म्हणजे प्रश्न पुन्हा सावलीकडे येतो.

पांढुर्णा आणि सौंसर साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहेत. मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर इथे दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा भिंती सावली देत नाहीत, छप्परच देते. डिसेंबरात हाच सूर्य दुपारी दक्षिणेकडे निम्म्या उंचीवर, म्हणजे ४५ अंशांवर असतो. छपराची दक्षिणेकडची कड जमिनीपासून आठ फुटांवर असेल तर ऊन आठ फूट आत येते. यातून एक साधी रचना निघते. दक्षिण बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे हुरड्याच्या आणि रोडग्यांच्या दिवसांत ऊन पाठीवर येते आणि वैशाखात येत नाही. पश्चिम बाजूला विटांची जाळीदार भिंत किंवा वेलींचा दाट पडदा असावा, कारण दुपारी तीननंतरचे ऊन, उन्हाळ्यातली गरम झळ आणि पावसाळ्यातला तिरपा पाऊस तिकडूनच येतो. छपराला टीन घातले तर ते खाली भट्टी आणि वर सूर्य अशा दोन्हीकडून तापते. कवेलू गरम हवा फटींतून जाऊ देतात आणि कमी तापतात, म्हणून छप्पर कवेलूंचे, कण्याशी हवेला वाट ठेवलेले असावे. हिरवी जाळी किंवा प्लॅस्टिकची ताडपत्री आगीच्या वर कधीही बांधू नये.

वाऱ्याचा विचार केला की जुनी समजूत नव्याने कळते. इथे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून वाहतो, हिवाळ्यात उत्तरेकडून आणि ईशान्येकडून. चूल घराच्या आग्नेयेला असेल तर दोन्ही हंगामांत धूर घरापासून दूर जातो, आणि दुपारनंतर घराचीच सावली तिच्यावर पडते. वास्तुशास्त्र मानणारे आग्नेय दिशा अग्नीची म्हणतात. ते न मानणाऱ्यालाही या मुलखात तीच दिशा सोयीची ठरते. तरीही नियमावर डोळे मिटून विसंबू नये. शेजारच्या दुमजली घरामुळे गल्लीतला वारा उलटा फिरतो. म्हणून ओटा आखण्यापूर्वी त्या जागी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी थोडा ओला पाला पेटवून धूर कुठे जातो ते पाहावे, आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या कुठे आहेत तेही पाहावे. आपल्या घरातून गेलेला धूर त्यांच्या घरात शिरणार असेल तर जागा बदलावी. धुराडे चार इंच व्यासाचे आणि जवळच्या छपराच्या कण्यापेक्षा निदान दोन फूट उंच असावे. त्याशिवाय धूर छपराखालीच घोटाळतो.

आग म्हणजे फक्त चूल नव्हे. बाहेरच्या स्वयंपाकघरात बहुतेकांना गॅसची एक भट्टीही हवी असते, आणि ती असावी, कारण भर पावसात किंवा घाईत तीच उपयोगी पडते. पण चूल आणि सिलिंडर शेजारी नसावेत. मध्ये निदान दहा फूट अंतर ठेवावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळाला तर तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि खड्ड्यात साठतो. म्हणून सिलिंडरसाठी ओट्याखाली खड्डा करणे किंवा त्याला बंद कपाटात ठेवणे हे संकटाला आमंत्रण आहे. सिलिंडर जमिनीवर, उभा, सावलीत, खालून हवा खेळेल अशा जाळीच्या दारामागे ठेवावा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचीवर असावी आणि नळी आयएसआय खुणेची घेऊन पाच वर्षांत बदलावी. विजेचे बोर्ड पाण्यापासून सुरक्षित झाकणाचे असावेत, अर्थिंग असावे आणि ३० मिलिअँपिअरवर तुटणारा सुरक्षा स्विच लावावा. ओल्या हातांनी, ओल्या फरशीवर, अनवाणी पायांनी मिक्सर चालवला जाणार आहे हे गृहीत धरूनच ही तरतूद करायची.

शेतकऱ्याच्या घरात आगीला आणखी दोन शेजारी असतात. दिवाळीनंतर भावाची वाट पाहत कापूस घरातल्या खोलीत भरलेला असतो, आणि परसात कडबा-कुटाराचा ढीग असतो. चुलीची जागा या दोन्हींपासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला असणे हा या पुस्तकातला एकमेव असा नियम आहे की ज्याला अपवाद नाही. तिसरी गोष्ट जळतनाची. पऱ्हाट्या लवकर पेटतात आणि भडकतात, वांग्यासाठी नेमक्या. गोवऱ्या मंद आणि सारख्या जळतात, रोडग्यांसाठी नेमक्या. बाभळीचे लाकूड मोठ्या भट्टीला पुरते. पण वाळलेल्या पऱ्हाट्यांवर उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा कपाशीवर येते. परसात पऱ्हाट्यांचा भारा जूनपर्यंत ठेवणे म्हणजे कीड घरी सांभाळणे. बोंडे झाडून टाकावीत, लागतील तेवढ्याच पऱ्हाट्या ठेवाव्यात आणि उन्हाळ्याच्या आत संपवाव्यात. जळतनाची जागा जमिनीपासून फूटभर उंच मांडणीवर आणि भिंतीपासून सुटी असावी. नाहीतर विंचू-सापांना आयतेच घर मिळते.

पाण्याची सोय अर्धीच केली जाते, असे बहुतेक ठिकाणी दिसते. तोटी येते, सांडपाण्याची वाट राहून जाते. फरशीला सहा फुटांमागे एक इंच उतार, मोरीखाली तेल आणि खरकटे अडवणारी छोटी टाकी आणि तिथून पाण्याचा पाट आळू-कर्दळ-केळीकडे, एवढे पहिल्याच दिवशी करून घ्यावे. हे पाणी संत्र्याच्या बुंध्याशी मात्र सोडू नये. संत्र्याच्या मुळांशी ओल साचून राहिली की मूळकूज आणि डिंक्या हे रोग येतात. परसातली दोन-चार झाडे अशी हकनाक जातात आणि दोष हवामानाला दिला जातो.

मापांविषयीचे प्रकरण मी पुस्तकात सगळ्यांत मोठे ठेवले आहे. तयार आराखड्यांतला ओटा ३४ ते ३६ इंच उंच असतो. पाच फूट उंचीच्या बाईला तो खांदे उचलून वापरावा लागतो आणि संध्याकाळी मान धरते. कामाचा ओटा कोपरापेक्षा चार इंच खाली, म्हणजे तिच्यासाठी ३२-३३ इंच असावा. त्याच ओट्यावर पंधरा इंच खोल गंज ठेवला की त्याचे तोंड तिच्या खांद्यापाशी येते. उकळता चीक तिथे घोटणे धोक्याचे आहे. म्हणून मोठ्या भांड्यांची भट्टी पंधरा ते अठरा इंचांचीच असावी. लांब रोट्यांची चूल बसण्याची, पण पाटाऐवजी फूटभर उंच बैठकीची असावी, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या आजीलाही तिथे बसून रोटी टाकता येईल. आगीपुढे चार फूट मोकळी जागा हवी, कारण अशा ठिकाणी एकटे कोणी नसते. मुले धावतात, पाहुणे निखाऱ्याभोवती जमतात, कोणी कणीस भाजायला हात घालते. दहा फूट रुंद आणि चौदा फूट लांब जागेत ही सगळी कामे चांगली बसतात. जागा याहून लहान असेल तर कोणते काम सोडायचे हे ठरवावे, सगळी कामे दाटीवाटीने बसवू नयेत.

ज्यांना परस नाही त्यांच्यासाठी गच्चीचे प्रकरण आहे. तिथे विटांची पक्की चूल बांधू नये. स्लॅबला तिचे वजन आणि तिची उष्णता दोन्ही सोसत नाहीत. वाळूच्या थरावर विटांचे दोन थर आणि त्यावर लोखंडी शेगडी, एवढ्यात भरीत आणि कणसे होतात. गच्चीवर सौर पेटीकुकर मात्र उत्तम चालतो, कारण ऑक्टोबरपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत इथे उन्हाची कमतरता नसते.

खर्चाचे आकडे मी दिलेले नाहीत. रेती, लोखंड आणि मजुरी यांचे भाव पुस्तक छापून होईपर्यंत बदलतात. त्याऐवजी कामाचे टप्पे दिले आहेत: पहिल्या वर्षी पाया, जोते, फरशी आणि सांडपाणी, दुसऱ्या वर्षी छप्पर, चूल आणि तोटी, तिसऱ्या वर्षी गॅसची भट्टी, वीज आणि कपाटे. हंगामाच्या पैशावर चालणाऱ्या घराला असे तुकड्यांनी बांधता येते, आणि प्रत्येक टप्प्यावर ती जागा वापरता येते. जमिनीखाली जाणारी प्रत्येक गोष्ट पहिल्याच वर्षी करावी, एवढेच पथ्य. प्लॉटच्या हद्दीपासून सोडायच्या अंतराबाबत नगरपालिकेत आधी विचारून घ्यावे.

मिस्त्र्यांसाठीही हे पुस्तक आहे. काळ्या मातीतला पाया, कवेलूंचा कणा, जाळीची भिंत ही कामे जाणणारे हात या दोन तालुक्यांत अजून आहेत. त्यांना बहुतेक वेळा सांगितले जाते ते एवढेच, की शेजाऱ्याकडे आहे तसे करून द्या. घरमालकाने मापे, दिशा आणि पदार्थांची यादी हातात ठेवली तर मिस्त्रीचे ज्ञान खऱ्या अर्थाने कामी येते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्याच्याशी बोलताना विचारायचे प्रश्न त्यासाठीच दिले आहेत.

आणि शेवटची विनंती घरातल्या कर्त्या माणसांना. घरांचे आराखडे आपल्याकडे स्वयंपाक न करणारी माणसे ठरवतात आणि करणारी माणसे त्यात आयुष्य काढतात. परसातले हे स्वयंपाकघर तरी त्याला अपवाद असू द्या. मिस्त्रीला निरोप देण्यापूर्वी आई, सून, सासू, किंवा रोडग्यांची पंगत सांभाळणारा भाऊ, जो कोणी आगीपुढे उभा राहणार आहे त्याला त्या जागी उभे करा. कोपराची उंची मोजा, हात कुठवर पोचतो ते पाहा, कोणत्या सणाला किती माणसांचे शिजवायचे ते त्याच्या तोंडून लिहून घ्या. त्या कागदावरून जे बांधाल ते तुमच्या घराचे होईल, आणि पुढची पिढी चुलीकडे सक्तीने नव्हे, हौसेने येईल.